पार्किंग आधी, डोंगर नंतर

सकाळी ७ वाजून ५ मिनिटं. सव्वासात नाही, 'सातच्या आसपास' तर नाहीच. अमेरिकेतल्या बॅक्स्टर पार्कच्या गेटवर गाडी तोवर पोचली नाही, तर बुक केलेली पार्किंगची जागा गेली. हा नियम मी घरच्या ग्रुपवर टाकला आणि तेव्हापासून तिथे जी जुंपलीय, ती थांबायचं नाव घेत नाही.

दादा, वहिनी आणि पाच वर्षांचा भाचा सप्टेंबरात ठाण्याहून आमच्याकडे बॉस्टनला येतायत. दादाला नायगारा नको, न्यूयॉर्क नको. त्याला उत्तरेला मेन राज्यात जाऊन या पार्कातला कटाडिन डोंगर चढायचाय. घोडबंदर रोडवरच्या घरात बसून व्हिडिओ बघून त्याने वाटही पक्की केलीय: 'नाइफ एज'. पामोला शिखरावरून मुख्य शिखराकडे जाणारी मैलभराहून थोडी लांब दगडी धार. काही ठिकाणी जेमतेम तीन फूट रुंद आणि दोन्हीकडे उतार सरळ खाली. माझी कुरकुर ऐकून त्याने हिशेबच मांडला. "कटाडिन १६०५ मीटर, कळसूबाई १६४६. आपल्याहून ठेंगणा डोंगर आणि तुमचे नखरे किती!"

आकडे बरोबर आहेत, आणि खरं सांगायचं तर मलाही ते वाचून बरं वाटलं होतं. पण हा डोंगर जवळपास ४६ अक्षांशावर आहे. चढता चढता झाडं खुरटी होत जातात आणि मग संपतातच. वर नुसता ग्रॅनाइट, वारा आणि टुंड्रात उगवावं तसलं गवत. तिथे एक फुलपाखरू आहे, 'कटाडिन आर्क्टिक', ते जगात दुसरीकडे कुठेच सापडत नाही. पायथ्याच्या रोअरिंग ब्रुकहून चिमनी पाँड या तळ्यामार्गे 'सॅडल' नावाच्या वाटेने वर जाऊन परत यायचं म्हणजे साडेसतरा किलोमीटरच्या आसपास चाल आणि साधारण साडेअकराशे मीटर चढ. आठ ते बारा तास धरायचे. वाटेत लिंबू सरबत नाही, खाली आल्यावर पिठलं-भाकरी नाही. पार्कात वीज नाही, नळ नाही, कचराकुंडीसुद्धा नाही. आपला कचरा आपण परत न्यायचा. हे शेवटचं मात्र हरिश्चंद्रगडावर कुणी लागू केलं, तर मी त्याच्या पाया पडेन.

आता वाट निवडायची पद्धत. आपण आधी किल्ला ठरवतो, मग गाडी. इथे आधी पार्किंग मिळवायचं आणि ते जिथे मिळेल तिथली वाट आपली. 'अबोल'च्या पार्किंगहून अंतर सर्वांत कमी, पण वाट जुन्या दरडीच्या अंगाने उभी चढते. २०१३ मध्ये तिथे पुन्हा दरड सरकली, म्हणून वाट हलवून २०१५ मध्ये नव्याने उघडली. कटाडिन स्ट्रीमहून हंट ट्रेल, म्हणजे जॉर्जियापासून साडेतीन हजार किलोमीटर चालत येणाऱ्या अपलाचियन ट्रेलचा शेवटचा टप्पा. आणि नाइफ एज सोयीची पडते ती रोअरिंग ब्रुकहून. साहजिकच तिथलं पार्किंग आधी भरतं.

कोण भरतं? तर मेनचे रहिवासी. त्यांना एप्रिलपासून अख्ख्या हंगामाचं बुकिंग करता येतं. आम्हा बाहेरच्यांना फक्त दोन आठवडे आधी. शिवाय प्रवेश त्यांना फुकट, आम्हाला पैसे. मी शेजारच्याच भागात राहते, सगळे टॅक्स वेळेवर भरते, आणि तरी रांगेत मागे! भूमिपुत्रांचं प्रकरण इथे असं माझ्यावरच उलटेल, हे ठाण्यात वाढलेल्या मुलीला कधी वाटलं नव्हतं. दादा यावर मनसोक्त हसला.

पण गोष्ट अशी आहे की हे पार्क सरकारच्या पैशाने उभं राहिलेलंच नाही. पर्सिव्हल बॅक्स्टर १९२१ ते १९२५ मेनचे गव्हर्नर होते. डोंगर विकत घ्या म्हणून विधिमंडळाच्या मागे लागले, कुणी ऐकलं नाही. मग १९३० मध्ये स्वतःच्या पैशाने जवळपास सहा हजार एकर घेतले आणि पुढच्या वर्षी राज्याला देऊन टाकले. अट एकच: हे कायम रानच राहिलं पाहिजे. १९६२ पर्यंत ते तुकड्या तुकड्याने जमीन देत राहिले. आज पार्क दोन लाख एकरांच्या वर आहे. या गृहस्थाने आपला लाडका कुत्रा गेला तेव्हा राज्याच्या इमारतीवरचा झेंडा अर्ध्यावर उतरवला होता, आणि त्यांच्याच पार्कात आज कुत्र्याला बंदी! एवढं वाचल्यावर सात-पाचच्या नियमाबद्दल माझा राग निम्मा झाला.

दादाचं म्हणणं, मी इथे राहते म्हणून इथलीच बाजू घेते. मुळीच नाही. येऊरच्या गेटवरचा गोंधळ, पावसाळ्यात धबधब्यांवर येणारी बंदी आणि ती चुकवून मागच्या वाटेने घुसणारे, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण अख्ख्या मेन राज्यात ठाणे शहरापेक्षा कमी माणसं राहतात आणि बॅक्स्टर पार्क आपल्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या आठपट आहे. तीन बाजूंनी शहर आणि आत पाडे असताना आपलं जंगल बिबट्यांसकट टिकलंय, हे मी इथल्या लोकांना दर पार्टीत ऐकवते. बारापेक्षा मोठ्या ग्रुपला इथे मनाई आहे. ठाणे स्टेशनबाहेरून शनिवारी रात्री सुटणाऱ्या ट्रेकच्या बसमध्ये बारा जण तर शेवटच्या दोन रांगांत मावतात. मग तुलना कशाशी करायची?

दादाचा बेत मोडला तो मात्र वेगळ्याच नियमाने. सहा वर्षांखालच्या मुलांना झाडं संपतात त्या रेषेच्या वर नेता येत नाही. "मी त्याला पाठीवर घेईन," दादा म्हणाला. घे, पण चिमनी पाँडपर्यंतच. पुढे कुणीतरी एकाने भाच्यासोबत खाली थांबायचं. मी उपाय सुचवला: दादा आणि माझा नवरा सॅडलने वर जातील, वारा नसेल तर नाइफ एजचं तिथे बघून ठरवतील, बाकीचे आम्ही रोअरिंग ब्रुकजवळच्याच सँडी स्ट्रीम पाँडवर मूस, म्हणजे इथलं अवाढव्य हरीण, शोधू.

दादाने लगेच अंगठा दाखवला. मग वहिनीचा मेसेज आला. लग्नाआधी अलंग-मदन-कुलंग केलेली वहिनी. "मूस त्यांना दाखव. भाऊजींबरोबर वर मी जाते."

दादाने मेसेज वाचलाय. उत्तर अजून नाही. माझं बुकिंग दोन आठवडे आधी उघडेल, तोवर घरात ठरवा म्हणावं.