चिलखती दलातला अधिकारी: पिप्स (खांद्यावरचे तारे) लागल्यावर पुढे काय?

धुळे-जळगावकडची एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) तयारी करणारी पोरं एसएसबीचं, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या मुलाखत-चाचण्यांचं, सगळं पाठ सांगतात. बारा चित्रांवर बारा गोष्टी, साठ शब्द, एकेका शब्दाला १५ सेकंद. पण ‘रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये गेलास तर पहिली दोन वर्षं काय करशील?’ असं विचारलं की गाडी अडते. आणि रणगाड्यांचं हे सगळं शिकवणारी शाळा कुठे, तर मनमाडवरून पुढे नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला!

प्रवेशाचं पटकन उरकतो. आर्मीसाठी बारावीची कुठलीही शाखा चालते. लेखी ९०० गुणांची, त्यात गणित ३००. एसएसबीचे आणखी ९००. चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण जातात, त्यामुळे ठोकून देण्याची सवय इथे महागात पडते. दहावीत असाल तर छत्रपती संभाजीनगरच्या एसपीआयचा अर्ज भराच, ती एनडीएची तयारी करून घेणारी राज्य सरकारची संस्था आहे. एनडीए ३ वर्षं, मग डेहराडूनला आयएमएत (भारतीय लष्करी अकादमी) १ वर्ष. कोणतं दल मिळणार ते तिथे ठरतं: तुमची पसंती, गुणवत्ता आणि रिकाम्या जागा. पसंती भरताना स्वतःची उंचीही बघा. टी-७२ रणगाडा सहा फुटी माणसासाठी बनवलेला नाही.

रेजिमेंटला रुजू झालेला लेफ्टनंट नगरच्या यंग ऑफिसर्स कोर्सला जातो. ब्रिटनमध्येही क्रम असाच: सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत ४४ आठवडे, मग बोव्हिंग्टनला रणगाड्यांचं शिक्षण. ट्रूप (रणगाड्यांची लहान तुकडी) आणि स्क्वाड्रन (अशा काही ट्रूप मिळून) ही रचना आपल्याकडे तिथूनच आली. सवार, दफेदार, रिसालदार हे हुद्दे मात्र इथल्या घोडदळाचे. १ मे १९३८ ला सिंध हॉर्सने घोडे सोडून गाड्या घेतल्या, म्हणून १ मे हा चिलखती दलाचा दिवस. ट्रूपमध्ये ३ रणगाडे, स्क्वाड्रनमध्ये १४, रेजिमेंटमध्ये ४५.

कोर्समध्ये चालवणं-देखभाल, गोळाबारी आणि वायरलेस आधी, डावपेच नंतर. ट्रॅक्टर चालवलेला खानदेशी पोरगा आत बसला की आधी स्टीअरिंग शोधतो. टी-७२ ला ते नाहीच, दोन दांडे आहेत. डावा ओढला की डाव्या ट्रॅकचा वेग कमी होतो आणि ४१ टनांचं धूड डावीकडे वळतं. पुढे ७ गिअर, मागे १.

सगळ्यात जास्त घाम काढतो तो उतरलेला ट्रॅक. ट्रॅक ढिला असताना भुसभुशीत वाळूत किंवा उतारावर झटक्यात वळवलं की तो चाकांवरून निसटतो. ताण पुढच्या आयडलर चाकावरून जुळवतात, ओढण्याचं काम मागचं दातेरी स्प्रॉकेट करतं. पूर्ण उतरला तर पिन काढून ट्रॅक तोडायचा, जमिनीवर सरळ पसरायचा, रणगाडा त्यावर आणायचा, टोक स्प्रॉकेटवरून ओढून घ्यायचं आणि पुन्हा जोडायचं. क्रू तिघांचाच, त्यामुळे ट्रूप लीडरच्या, म्हणजे या नव्या लेफ्टनंटच्या हातातही घण येतो. यायलाच हवा, ज्याने ट्रॅक कधी जोडला नाही त्याला दुरुस्तीला किती वेळ लागेल याचा अंदाज कधीच येत नाही, आणि वायरलेसवर तो स्क्वाड्रन कमांडरला भलतीच वेळ सांगून बसतो.

दुसरा शत्रू धूळ. एअर क्लीनर तुंबला की इंजिनाची ताकद पडते, काळा धूर येतो. धूळ आत गेली तर पिस्टन रिंगा झिजतात. ७८० हॉर्सपॉवर मग कागदावरच.

गोळा सारखा एकाच बाजूला जात असेल तर गनरला झापण्याआधी बोअरसाइटिंग तपासा. तोफेच्या नळीचा अक्ष आणि गनरची साइट दूरच्या एकाच बिंदूवर जुळलेली हवी. ऊन एका बाजूने लागलं की १२५ मिमीची नळीसुद्धा किंचित वाकते, म्हणून तिच्यावर आवरण असतं; ते फाटलेलं चालत नाही. ऑटोलोडरच्या चकतीत २२ गोळे, आधी गोळा आत जातो, मागून चार्ज, म्हणजे तो फेकणारी दारू. भरताना कुठल्या खणात कोणता गोळा ठेवला याची नोंद चुकली, तर मागितलं एक आणि आलं दुसरं असं होतं.

पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल जून १९७१ मध्ये कमिशन झाले होते. त्यांचा नगरचा कोर्स युद्धामुळे अर्धवट राहिला आणि १६ डिसेंबरला बसंतरच्या लढाईत ते सेंच्युरियन रणगाड्यातून लढत शहीद झाले. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं; सेवा होती सहा महिन्यांची.

बढतीचं गणित सरळ आहे, पण ते फार कुणी सांगत नाही. २ वर्षांनी कॅप्टन, ६ वर्षांनी मेजर, १३ वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. यासाठी सेवेची वर्षं आणि पार्ट बी, पार्ट डी या बढतीच्या परीक्षा. खरी चाळणी कर्नलला लागते. तिथे निवड मंडळ बसतं आणि आधीच्या सगळ्या गोपनीय अहवालांचं वजन पडतं, विशेषतः स्क्वाड्रन सांभाळतानाच्या. निवड झाली तरच रेजिमेंटचा कमांडंट होता येतं. नाही झाली तर २६ वर्षांच्या सेवेनंतर टाइम स्केलने (निवडीशिवाय, सेवेच्या वर्षांवर) कर्नल मिळतो, रेजिमेंट मिळत नाही. कर्नलच्या निवृत्तीचं वय ५४.