फुटली नाही, वाढली

सातवीत मराठीच्या तासाला माझी हिरवी बांगडी बाकाच्या कडेवर आपटली. मी ओरडले, "बाई, बांगडी फुटली!" बाईंनी आधी माझं मनगट उलटंपालटं करून पाहिलं, मग तुकडे वेचून खडूच्या रिकाम्या खोक्यात टाकले. म्हणाल्या, "फुटली म्हणू नये गं, वाढली म्हणावं."

एकीचे तीन तुकडे झाले, यात वाढलं काय? मी तसं विचारलंच. त्या दिवशीची कविता राहिली. उरलेला सगळा तास बाईंनी या एका शब्दाला दिला.

फळ्यावर त्यांनी 'वृध्' हा संस्कृत धातू लिहिला. त्याखाली संस्कृत 'वर्धते', प्राकृत 'वड्ढइ' आणि मग आपलं 'वाढे'. रोज पसायदानात म्हणायचो ते 'वाढो' हेच. चक्रवाढ व्याज, वाढदिवस, महावीरांचं 'वर्धमान' हे नाव, सगळी एकाच घरातली. 'वृद्ध' म्हणजे मुळात नुसता वाढलेला. थकल्याचा, वाकल्याचा त्यात मागमूस नाही. हे मला फार आवडलं होतं, अजूनही आवडतं.

मग बाई पाणिनीकडे वळल्या. त्याच्या अष्टाध्यायी या संस्कृत व्याकरणाचं पहिलं सूत्र 'वृद्धिरादैच्': आ, ऐ, औ या स्वरांना वृद्धी म्हणावं. सदा आणि एव मिळून 'सदैव' होतं, ती हीच वृद्धी. पण दुसरं सूत्र आहे 'अदेङ् गुणः': अ, ए, ओ या स्वरांना गुण म्हणावं. तिथे स्वर आधी, नाव नंतर. पहिल्या सूत्रात मात्र नाव आधी आलं. पतंजलीने महाभाष्यात, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरच्या भाष्यात, याचं कारण दिलं आहे: शास्त्राचा आरंभ मंगल शब्दाने व्हावा, म्हणून. "एवढा शुभ शब्द हाताशी असताना 'फुटली' कशाला म्हणायचं?" बाई म्हणाल्या. नारळ वाढवतात तोही याचसाठी. हिंदीतही दुकान बंद करण्याला दुकान 'बढ़ाना' म्हणतातच.

जेवण वाढण्याबद्दल मी त्या दिवशी विचारलं नाही. पुढे पाली शिकताना जातककथांत भात 'वाढताना' दिसला, 'भत्तं वड्ढेति', आणि इतका जुना शब्द आपण रोज पंगतीत वापरतो याचा केवढा आनंद झाला! धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, तर आणखी एक 'वर्ध्' सापडला. त्याचा अर्थ दिला आहे 'छेदनपूरणयोः', कापणं आणि भरणं. सुताराला संस्कृतात 'वर्धकि' म्हणतात. सातवीतला माझा प्रश्न त्या पानावर मला पुन्हा भेटला.

यंदा शाळेच्या वर्धापनदिनाची पत्रिका आली तेव्हा आपट्यांचा संस्कृत कोश पुन्हा काढला. 'वर्धापन' या शब्दाखाली वाढदिवसाच्या सोहळ्याबरोबर आणखी एक अर्थ आहे: बाळाची नाळ कापणं. पत्रिका मी त्याच पानात ठेवली आहे.