लिथियम २.८४

काकूंचा नमुना मी तिसऱ्यांदा मशीनवर लावला तेव्हा दुपारचा पाऊण वाजला होता. २.८४, मग २.८१, मग २.८३. मशीन आपल्या म्हणण्यावर ठाम होतं.

लिथियमची, म्हणजे उन्मादासारख्या मानसिक आजारावरची, गोळी घेणाऱ्याच्या रक्तात ते लिटरमागे ०.६ ते १.२ मिलिमोल असावं लागतं. दीडच्या वर गेलं की काळजी, दोनच्या वर गेलं की लगेच डॉक्टरांना फोन. अडीचच्या पुढे गेलेला पेशंट बहुधा स्वतःच्या पायांनी चालत येत नाही. हात जोरात थरथरतात, जीभ जड होते, तोल जातो, पुढे झटके येतात.

इंदूरच्या एका खासगी लॅबच्या बायोकेमिस्ट्रीत मला एकोणीस वर्षं झाली. साखर, क्रिएटिनिन आमच्याकडे रोज ढिगाने येतं. लिथियम मात्र आठवड्याला पाच-सहा. त्यामुळे ती माणसं नावानिशी लक्षात राहतात. या काकू (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) लोकमान्य नगरच्या, निवृत्त शिक्षिका. सव्वीस वर्षं लिथियमवर आहेत आणि त्याच्या जोरावर त्यांनी शाळा, संसार, सासूचं आजारपण, सगळं निभावलं. रात्री नऊला गोळी, सकाळी नऊला रक्त. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी नमुना घ्यायचा हा नेम त्या शाळेच्या घंटेसारखा पाळतात. कॉम्प्युटरमध्ये मागचे आकडे पाहिले: ०.७२, ०.७८, ०.७५.

आणि आज २.८४. कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेले नमुने, सकाळीच लावले होते, दोन्ही बरोबर आले होते. म्हणजे मशीनवर खापर फोडायची सोय नव्हती.

शिवाय आकडा पटण्यासारखा होता, हे जास्त वाईट. मे महिना, बाहेर बेचाळीस अंश. मूत्रपिंडाला सोडियम आणि लिथियम सख्खी भावंडं वाटतात. घामावाटे मीठ गेलं की ते उरलेलं सोडियम घट्ट धरून ठेवतं आणि त्याच भरात लिथियमही धरून बसतं. ही चूक जुनीच आहे. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादाच्या दहा रुग्णांना लिथियम दिलं आणि मानसोपचाराला एक नवं औषध मिळालं. त्याच वर्षी अमेरिकेत, मीठ वर्ज्य असलेल्या हृदयरुग्णांना मिठाऐवजी विकलं जाणारं लिथियम क्लोराइड काही जणांच्या जिवावर बेतलं, म्हणून बाजारातून काढावं लागलं. एकीकडे मीठ बंद, दुसरीकडे जेवणावर लिथियम भुरभुरलेलं. त्या मूत्रपिंडांनी दुसरं करायचं तरी काय? तिथे औषध म्हणून मान्यता मिळायला मग १९७० साल उजाडलं.

मी मॅडमना, म्हणजे आमच्या पॅथॉलॉजिस्टना, दाखवलं. त्यांनी तिथूनच काकूंच्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावला. निरोप दोन मिनिटांत आला: गोळी ताबडतोब बंद, पेशंटला कॅज्युअल्टीत हलवा, किडनीच्या डॉक्टरांना सांगून ठेवतो, डायलिसिस लागू शकतं.

"घरी तूच फोन कर," मॅडम म्हणाल्या. "तुला ओळखतात."

फोन काकूंनीच उचलला. मला वाटलं होतं मुलगा उचलेल, घाबरलेला.

"काय गं, झाला का रिपोर्ट?"

"होतोय. काकू, तब्येत कशी आहे? उलटी, जुलाब काही? चालताना तोल जातोय?"

"छे गं. थांब हं जरा..." मग क्षणभर शांतता. "हां, बोल. सुईत दोरा ओवत होते. मोगरा आणलाय दारावरून, गजरा करतेय."

"गुडघ्यासाठी दुखण्याची गोळी वगैरे घेतली का?" त्या गोळ्यांनीही लिथियम चढतं, म्हणून विचारलं.

"बाम लावते. तुझ्या डॉक्टरांनीच तंबी दिलीय."

जीभ स्वच्छ, शब्द नेटके. तरी निरोप द्यायचा होता, तो दिला. त्या गप्प झाल्या. मग मुलाला हाक मारल्याचं ऐकू आलं.

फोन ठेवला आणि ती सुई डोक्यातून जाईना. चौसष्ट वर्षांची बाई, रक्तात लिथियम २.८, आणि एका दमात दोरा ओवते? एकदम मूठभर गोळ्या गिळलेल्या माणसात आकडा आधी चढतो आणि लक्षणं मागून येतात, हे खरं. पण वर्षानुवर्षं रोज घेणाऱ्यात उलटं असतं. तिथे लिथियम मेंदूपर्यंत मुरलेलं असतं. रक्तात एवढं साठेपर्यंत हात गप्प बसत नाहीत. बाकीचे आकडे पुन्हा पाहिले. क्रिएटिनिन ०.८, सोडियम १३८. मूत्रपिंड ठणठणीत.

मग ती कुपीच हातात घेतली. कलेक्शन सेंटरवरून आलेली छोटी, पांढऱ्या झाकणाची. आत पिवळसर, स्वच्छ पाणी. वर लेबल: सीरम. म्हणजे रक्त गोठू दिल्यावर वर उरतं ते पाणी.

इथे मला माझ्या डीएमएलटीच्या, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाच्या, दिवसांतलं एक मशीन आठवलं. फ्लेम फोटोमीटर. खाली गॅसची ज्योत, तिच्यात पातळ केलेलं सीरम फवारायचं. सोडियमने ज्योत पिवळी होते, पोटॅशियमने जांभळट. ज्योत लवलवते, गॅसचा दाब बदलतो, आकडे हलतात. म्हणून आमच्याकडे प्रत्येक नमुन्यात ठरलेल्या मापाचं लिथियम मिसळत. त्याचा किरमिजी लाल उजेड किती हलला हे पाहून बाकी दोघांचे आकडे सुधारायचे. मी सरांना विचारलं होतं, लिथियमच का? सर म्हणाले, "कारण ते कुणाच्या रक्तात नसतं. असलं तरी मोजण्याइतकं नसतं."

ते मशीन केव्हाच भंगारात गेलं. पण "कुणाच्या रक्तात नसतं" या भरवशावर आमच्या लॅबमध्ये अजून एक गोष्ट चालते, आणि ती माझ्या कोपराशी रॅकमध्ये उभी होती. हिरव्या टोपणाची नळी.

रक्त गोठू नये म्हणून तिच्या आत हेपॅरिन लावलेलं असतं. हेपॅरिन एकटं येत नाही, कुठल्यातरी क्षाराच्या रूपात येतं. सोडियमचा क्षार घ्यावा तर सोडियमची तपासणी बिघडते, पोटॅशियमचा घ्यावा तर पोटॅशियमची. मग ज्याची तपासणी सहसा कुणी करत नाही असा घ्यावा. लिथियम हेपॅरिन. लेबलवर छापलेलं असतं, मी दिवसातून पन्नासदा पाहते. ही सोय सगळ्यांना चालते, फक्त काकूंसारख्यांना नाही. अशा नळीतून रक्तात एकपासून चारपर्यंत लिथियम उतरू शकतं. आणि एकदा वरचं पिवळं पाणी काढून दुसऱ्या कुपीत ओतलं की सीरम कुठलं आणि न गोठलेल्या रक्ताचा प्लाझ्मा कुठला, हे नुसत्या डोळ्यांनी ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

हा झाला संशय. त्यावर डायलिसिस थांबवता येत नाही. काकूंच्याच फेरीत त्या सकाळी आणखी तिघांचे नमुने आले होते. त्यात अन्नपूर्णा रोडचे एक व्यापारी गृहस्थ होते, फक्त किडनी प्रोफाइल, गोळ्या काय त्या ब्लड प्रेशरच्या. मॅडमना विचारून त्यांची कुपी लिथियमला लावली. त्यांनी सांगितलेली तपासणी नव्हती, त्यामुळे रिपोर्टशी तिचा संबंध नव्हता. आम्हालाच पाहायचं होतं. आणि शेजारी माझं स्वतःचं रक्त, लाल टोपणाच्या, हेपॅरिन नसलेल्या नळीतलं.

मशीनला मिनिटभर लागतं. त्याच्या इलेक्ट्रोडचा पडदा लिथियमचे आयन तेवढे ओळखतो आणि व्होल्टेज देतो. ते गोळीतून आले की नळीतून, हे त्याला कोण सांगणार?

माझं: मोजण्याइतकं नाही. त्या गृहस्थांचं: ३.३७.

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या आणि मोठ्याने हसल्या. मला हसू आलं नाही. त्या गृहस्थांचं काकूंपेक्षाही जास्त का, तेही लक्षात आलं: शीर सापडायला त्रास झाला असणार, नळी अर्धीच भरली असणार. नळीतलं हेपॅरिन तेवढंच, रक्त कमी.

कलेक्शनच्या पोराला फोन लावला. वय वीस, कामाला दोन महिने, मोटरसायकलवरून अर्धं शहर पालथं घालतो.

"लाल खतम हो गई थी दीदी, तो हरी में ले लिया। सेंटर पे घुमा के शीशी में कर दिया।" मग थोडं थांबून, खऱ्याखुऱ्या कुतूहलाने, "खून तो वही है ना?"

मी तोंड उघडलं ते त्याला झापायलाच. पण पुढचं वाक्य त्याने घेतलं. "आपने ही तो बोला था, लाल न हो तो हरी चलेगी।"

बोलले होते. महिन्यापूर्वी, असंच लाल नळ्यांचा माल अडकला होता तेव्हा, एका किडनी प्रोफाइलसाठी. आणि तेव्हा ते बरोबरच होतं. क्रिएटिनिनला, युरियाला हिरवी खुशाल चालते. उलट बरी पडते, रक्त गोठायची वाट पाहावी लागत नाही. "फक्त लिथियमला सोडून" हे तीन शब्द मी जोडले नव्हते. सेंटरच्या भिंतीवर नळ्यांचा रंगीत तक्ता आहे, पण तो इंग्रजीत. तो मीच कंपनीच्या माणसाकडून घेऊन चिकटवला होता, मोठ्या कौतुकाने.

दोन वाजून गेले होते. मॅडम मानसोपचारतज्ज्ञांशी बोलत होत्या. काकू एव्हाना कॅज्युअल्टीत पोचल्या होत्या. मी दोन लाल नळ्या घेतल्या आणि स्कूटर काढली. दुसऱ्या कुणाला पाठवायची हिंमत नव्हती. तोंडाला ओढणी गुंडाळली होती तरी राजवाड्याच्या बाजूने जाताना डोळ्यांतून पाणी येत होतं, इतकी लू.

काकू पलंगावर बसलेल्या, डाव्या हाताला सलाइन. लिथियम वाढलं तर पहिला उपाय तोच, शरीराला मीठ-पाणी द्यायचं. तिथल्या डॉक्टरांचं काहीच चुकलं नव्हतं. मुलगा माझ्याकडे बघतही नव्हता. मी त्याला सगळं सांगितलं, नळीसकट, माझ्या वाक्यासकट. तो म्हणाला, "डायलिसिससाठी मानेत नळी घालायची परवानगी मागत होते हे लोक. सहीचा कागद आलाय." त्याने तो कागद उशीखालून काढून दाखवला. सही झालेली नव्हती.

यावर काय बोलायचं असतं, मला सुचलं नाही. सॉरी म्हटलं.

"आधी रक्त घे," काकू म्हणाल्या आणि उजवा हात पुढे केला. सलाइनच्या हातातून घ्यायचं नाही, हेही त्यांना माहीत. सव्वीस वर्षांत निदान शंभरदा सुई टोचून घेतली असेल. हात स्थिर होता, बोटांना मोगऱ्याचा वास येत होता.

"गजरा अर्धा राहिला," एवढंच त्या बोलल्या.

लॅबमध्ये परत आले आणि ती लाल नळी स्टँडमध्ये उभी करून समोर बसले. रक्त गोठायला अर्धा तास. एरवी हा अर्धा तास मला नेहमी फुकट गेलेला वाटतो. मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं, सीरम स्वतः काढलं, लावलं.

०.६४. दुसऱ्यांदा ०.६३.

नेहमीपेक्षा थोडं कमी, कारण बारा नव्हे, पावणेअठरा तास झाले होते गोळीला. रिपोर्टवर ती वेळ ठळक लिहिली, नाहीतर उद्या कुणीतरी डोस वाढवायचं. सकाळचा आकडा कुठेही छापला गेला नव्हता, पण लॅबच्या नोंदवहीत चूक काय, कुणाची, कशी, हे रीतसर लिहिलं. त्यात त्या पोराच्या आधी माझं नाव आहे. संध्याकाळी सेंटरवर गेले, तक्ता काढला, आणि पुठ्ठ्यावर स्केचपेनने हिंदीत लिहून नवा लावला. लिथियमच्या ओळीपुढे हिरव्या नळीचं चित्र काढून त्यावर लाल फुली मारली. पोरगा शेजारी उभा राहून बघत होता. "मतलब दवाई नली में भी है," तो म्हणाला. मी म्हटलं, हो, तसंच समज.

त्या व्यापारी गृहस्थांचा रिपोर्ट दुपारीच गेला होता. क्रिएटिनिन १.१, युरिया ३०. त्यात बदलण्यासारखं काही नव्हतं.

रात्री नऊला पाच मिनिटं कमी असताना फोन वाजला. काकू घरी पोचल्या होत्या.

"ते दुपारी बंद कर म्हणाले होते. आता गोळी घ्यायची ना गं?"

मी मॅडमना विचारलं, मॅडमनी त्यांच्या डॉक्टरांना विचारलं. परत फोन केला तेव्हा नऊ वाजून चार मिनिटं झाली होती.

"घ्या काकू. नेहमीचीच, नेहमीएवढीच."

"चार मिनिटं उशीर झाला," त्या म्हणाल्या, आणि पाण्याचा ग्लास उचलल्याचा आवाज आला.