नावाला अटेंडंट, आणि एका इंग्रजी वाक्याचे दोन महिने

माझ्या नेमणुकीच्या कागदावर 'प्रयोगशाळा परिचर' असं पद आहे. इंग्रजीत लॅबोरेटरी अटेंडंट. गल्लीत मात्र सगळे सरळ 'कॉलेजात शिपाई' म्हणतात आणि त्यात चूक काही नाही. सकाळी कुलूप काढायचं, टेबलं पुसायची, बाटल्या जागेवर ठेवायच्या, हे नऊ वर्षं मीच केलं. पण आम्लता मोजायचं पीएच मीटर चुकीचं दाखवायला लागलं की पीएच 4, 7 आणि 9.2 चे बफर, म्हणजे ठरलेल्या पीएचची द्रावणं, करून त्याला ताळ्यावर आणायचो तोही मीच. नळ्या गरगर फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजच्या मोटरचे कार्बन ब्रश घासले की जळगावहून नवे आणून बसवायचो. द्रावणातून प्रकाश सोडून मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरचा दिवा गेला तर बाहेरचा माणूस येईपर्यंत प्रॅक्टिकल थांबायची, म्हणून तो दिवा बदलायलाही शिकलो. नावाला शिपाई, काम मिस्त्रीचं.

मराठीत हे सांगायला मला कधी अडचण आली नाही. 'नावाला' हा एक शब्द टाकला की समोरच्याला सगळं कळतं. अडचण आली पुण्याच्या एका कंपनीला अर्ज करायची वेळ आली तेव्हा. प्रयोगशाळेतली यंत्रं दुरुस्त करणारी माणसं त्यांना हवी होती आणि अर्जासोबत इंग्रजीत एक पानभर स्वतःबद्दल लिहायचं होतं.

मी लिहिलं आणि पाठवूनही दिलं. उत्तर आलं नाही. महिनाभराने तशीच दुसरी जाहिरात दिसली, तेव्हा ते पान घेऊन नानांकडे गेलो. नाना म्हणजे आमच्या अमळनेरच्या गल्लीतले इंग्रजीचे निवृत्त सर. ओट्यावर बसून कागद वाचला, चष्मा काढला आणि हसायलाच लागले.

"भाऊ, हे काय लिहिलंस? आय वॉज नथिंग बट ॲन अटेंडंट?"

"मी अटेंडंट सोडून बाकी सगळं होतो, असं म्हणायचंय सर."

"मग ते एनिथिंग बट. एनिथिंग बट ॲन अटेंडंट म्हणजे अटेंडंट तर मुळीच नाही. नथिंग बट म्हणजे निव्वळ अटेंडंट, त्यापलीकडे शून्य. तू स्वतःच्या हाताने स्वतःला गाडलंस की रे."

मराठीच्या कानाला दोन्हीकडे 'सोडून' ऐकू येतं. अटेंडंट सोडून काहीही, अटेंडंट सोडून काहीच नाही. इंग्रजीत एका शब्दाने माणूस वर जातो नाहीतर खाली. पहिल्या कंपनीने त्या वाक्यामुळेच नाकारलं असेल असं नाही, पण ते वाक्य आठवलं की अजून कान गरम होतात.

मी म्हटलं, मग एनिथिंग बट लिहून टाकू. तर नाना तेही नको म्हणाले. "सोबत अनुभवाचा दाखला जोडशील. त्यावर कॉलेजचा शिक्का आणि 'अटेंडंट'. वर तू म्हणणार, मी अटेंडंट मुळीच नव्हतो. खरं कोणाचं धरायचं त्यांनी?" त्याच कारणाने आय वॉज नॉट ॲन अटेंडंट बट अ टेक्निशियन हेही खोडलं. नॉट आणि बट आले की पहिली गोष्ट पूर्ण पुसली जाते. नॉट ओन्ली, बट ऑल्सो म्हटलं तर काहीच पुसलं जात नाही, दोन्ही सारख्या वजनाने शेजारी बसतात. मला हवं होतं मधलं काहीतरी: पद राहू दे, पण वजन कामाकडे जाऊ दे.

मग नानांनी जे उदाहरण दिलं, तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला. साने गुरुजी 1924 ते 1930 आमच्या अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहातल्या पोरांना त्यांनी आईच्या मायेने सांभाळलं, हे इथल्या प्रत्येक घरात माहीत आहे. नाना म्हणाले, "ही वॉज नॉट अ टीचर बट अ मदर म्हटलंस तर ते खोटं. शाळेच्या हजेरीपटावर शिक्षक म्हणून नाव आहे त्यांचं, शिकवायचेही उत्तम. आता असं म्हण: ही वॉज नॉट सो मच अ टीचर ॲज अ मदर. शिक्षक तर होतेच, पण त्याहून आई होते. शिक्षक हा शब्द तिथेच राहिला, फक्त तराजू झुकला."

तराजू म्हटल्यावर मला लगेच कळलं, कारण नऊ वर्षं रासायनिक तराजूची पातळी मीच लावत आलोय. बुडबुडा गोलाच्या मधोमध आणायचा, मगच वजन करायचं.

घरी येऊन दोन दिवस मी हेच करत बसलो. वाक्यं जमवायची आणि कुठे काय झुकतं ते बघायचं. भरताचे दिवस होते. शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला टाकलेली आणि मी मोबाइलमध्ये लिहितोय, भरीत इज लेस अ डिश दॅन अ गॅदरिंग, म्हणजे भरीत हा पदार्थ कमी, मेळावा जास्त. मित्र म्हणाला, लिहिणं झालं असेल तर मिरच्या खुड.

याच खेळात एक गोष्ट लक्षात आली. लेस, दॅन मध्ये खरी गोष्ट शेवटी येते. मोअर, दॅन मध्ये ती आधी येते. आय वॉज मोअर अ मेकॅनिक दॅन ॲन अटेंडंट हे व्याकरणाने बरोबर, बोलताना मोअर ऑफ अ मेकॅनिक असंही चालतं, पण वाक्य संपतं कुठे? अटेंडंटवर. वाचणाऱ्याच्या कानात तोच शब्द घुमत राहणार. आपण मराठीत 'शिपाई कमी, मिस्त्री जास्त' म्हणतो तेव्हा मिस्त्री शेवटी असतो, वजन त्याच्यावर पडतं. म्हणून मी मोअर सोडून दिलं. नाना म्हणाले, हे मी शिकवलेलं नाही, हे तुझं तू शोधलंस. मला पगारवाढ झाल्यासारखं वाटलं.

मोअर दॅन जस्ट ॲन अटेंडंट यावर मात्र आमचं वाजलं. मला ते आवडायचं. नाना म्हणाले, ते आता फोडणीतल्या मोहरीसारखं झालंय, प्रत्येक अर्जात तडतडतं. शिवाय 'यापेक्षा जास्त' एवढंच कळतं, जास्त म्हणजे काय ते कळत नाही. मला वाटतं या बाबतीत नाना जरा जास्तच कडक आहेत, पण मी काढून टाकलं.

खरी झटापट पुढे झाली. आय वर्क्ड लाइक अ टेक्निशियन लिहिलं तर अर्थ होतो टेक्निशियनसारखं काम केलं, म्हणजे नक्कल केल्यागत. आय वर्क्ड ॲज अ टेक्निशियन लिहिलं तर ते पदच होतं, आणि ते पद माझं नव्हतं. 'सारखा' म्हटलं तर कमी पडतं आणि 'म्हणून' म्हटलं तर खोटं ठरतं. वर नॉट सो मच घ्यावं तर वाक्य असं झालं: आय वर्क्ड नॉट सो मच ॲज ॲन अटेंडंट ॲज ॲज द पर्सन. दोन ॲज एकमेकांना धडकले. मी एक ॲज काढला तर नानांनी टोकलं, तराजूच्या एका पारड्यात ॲज आहे तर दुसऱ्यातही हवा. आणि नॉट सो मच ॲज सलग आलं तर कधीकधी अर्थच वेगळा निघतो. ही डिड नॉट सो मच ॲज लुक ॲट मी म्हणजे त्याने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. हा अनुभव मला कॉलेजात भरपूर होता, पण अर्जात नको होता.

शेवटी उभं राहिलं ते हे: दो अपॉइंटेड ॲज अ लॅबोरेटरी अटेंडंट, आय वर्क्ड लेस ॲज ॲन अटेंडंट दॅन ॲज द पर्सन हू केप्ट द इन्स्ट्रुमेंट्स रनिंग. म्हणजे नेमणूक परिचराची, पण काम परिचराचं कमी, यंत्रं चालू ठेवणाऱ्या माणसाचं जास्त. 'टेक्निशियन' शब्द कुठेच नाही. पद आधीच कबूल केलंय. आणि वाक्य संपतं चालू असलेल्या यंत्रांवर. त्याखाली कोणती यंत्रं आणि त्यांचं मी काय केलं, ते साध्या वाक्यांत लिहिलं. नुसतं ते एक वाक्य असतं तर हवेत राहिलं असतं.

दाखल्यात दुरुस्तीची एक ओळ घाला, असं कॉलेजात जाऊन विनवलं. ओळ आली: 'वेळोवेळी सोपवलेली कामे केली.' यावर जास्त बोलत नाही.

मुलाखत व्हिडिओ कॉलवर झाली. घरात रेंज येत नाही म्हणून मित्राच्या दुकानाच्या माडीवर बसलो. तिसराच प्रश्न, सो यू वेअर बेसिकली अ प्यून? नानांनी तयारी करून घेतली होती, नाही म्हणायचं नाही. मी म्हटलं, ऑन पेपर, येस, सर. इन द लॅब, लेस ॲन अटेंडंट दॅन अ रिपेअरमॅन. ते म्हणाले, बरं, मग स्पेक्ट्रोफोटोमीटरचं रीडिंग सारखं सरकत असेल तर आधी काय बघाल? त्यापुढचं इंग्रजी माझं मोडकंतोडकंच होतं, पण दिवा तापायला वेळ दिला का, नमुना ठेवायच्या क्युवेटच्या काचेला बोटाचे डाग आहेत का, कंपार्टमेंटचं झाकण नीट बसलंय का, हे सांगायला लेस, दॅन काही लागत नाही.

बोलावणं आलं. सहा महिने ट्रेनी. संध्याकाळी आईला सांगितलं. तिने हातातली कळण्याची भाकरी तव्यावर टाकली आणि विचारलं, "मंग आते काय म्हनतीन तुले?"

"ट्रेनी."

"म्हन्जे शिपाईच ना?"