तुम्ही विचारलंत म्हणून : नगरसेवकाची तक्रार कुठे करायची?

नगरपालिकेच्या सभा विभागात नोकरी करून निवृत्त झालो, त्यामुळे टपरीवर असो की लग्नाच्या पंगतीत, एक प्रश्न मला ठरलेला असतो : "साहेब, नगरसेवक नीट वागत नसेल तर तक्रार कुठे करायची?" निवडणुका रखडल्या आणि नगरसेवकांऐवजी प्रशासक होते, तोवर हा प्रश्न जरा थंडावला होता. डिसेंबर 2025 मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या आणि पुन्हा सुरू.

खरं उत्तर लोकांना आवडत नाही. नीट वागत नाही एवढ्यासाठी तक्रार करायला जागाच नाही. जागा आहे ती त्याचं पद घालवण्यासाठी. आम्हा नोकरदारांना वर्तणुकीचे नियम होते आणि शिक्षेच्या पायऱ्या होत्या. ताकीद, ठपका, वेतनवाढ बंद, निलंबन, मग पुढचं. सभेतल्या गोंधळासाठी बाहेर काढण्यापलीकडे नगरसेवकाला मधली पायरीच नाही. 'आचारसंहिता' हा शब्द त्याला माहीत असतो तो निकाल लागेपर्यंतचा.

कायदा मात्र वाटतो तितका गरीब नाही. नगरपरिषदांचा 1965 चा कायदा घ्या किंवा महापालिकांचा 1949 चा. नगरसेवकाने, त्याच्या पत्नीने किंवा पतीने, किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्याने बेकायदा बांधकाम केलं तर तो अपात्र. पद वापरून दुसऱ्याच्या अशा बांधकामाला मदत केली तरी अपात्र. पाडायला निघालेल्या अधिकाऱ्याला लेखी कळवून किंवा प्रत्यक्ष आडवं येऊन अडवलं, तरीही अपात्र. वाचताना वाटतं, आता सुटतो कुठे! पण 'लेखी कळवून किंवा प्रत्यक्ष' हे शब्द पुन्हा वाचा. आमच्याकडे अतिक्रमण पथकाचा जेसीबी फाटकाबाहेर पडायच्या आत फोन यायचा. "सणवार आहेत, चार दिवस थांबा की." चार दिवसांनी पोलीस बंदोबस्त मिळायचा नाही आणि महिन्याभरात स्लॅब पडलेला असायचा. पत्र देणारा नगरसेवक अडकतो, फोन करणारा सहसा नाही. माझ्या नोकरीच्या शेवटी शेवटी अशा कामासाठी लेटरहेडवर पत्र देणारा कुणी उरलाच नव्हता.

ठेक्याचंही तेच. पालिकेच्या कामात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर नगरसेवक पदावर राहू शकत नाही. ज्या विषयात आपला हितसंबंध आहे त्याच्या चर्चेत भाग घ्यायचा नाही, मतही द्यायचं नाही. आता सभागृहात काय व्हायचं ते सांगतो. गटाराच्या कामाचा विषय पुकारला की एक सन्माननीय सदस्य मोबाइल कानाला लावून बाहेर व्हरांड्यात. "सर्वानुमते मंजूर" ऐकू आलं की परत खुर्चीवर. फर्म भाच्याच्या नावावर. नियम मोडला का? कागदावर नाही. भाच्याच्या फर्मचा पैसा मामाकडे येतो हे सिद्ध कोण करणार? मी वृत्तांत लिहायचो, त्यात त्यांचं नाव हजर सदस्यांच्या यादीत असायचं आणि त्या विषयावर एक अवाक्षर नसायचं. शिवाय 'आयत्या वेळचे विषय' नावाचं दार होतंच. विषयपत्रिकेवर नसलेलं काम सभेच्या शेवटी, निम्मे लोक चहाला उठलेले असताना, यायचं आणि मंजूर होऊन जायचं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती कुणी विचारत नाही. कर्तव्य बजावताना गैरवर्तन किंवा लांच्छनास्पद वर्तन केलं म्हणून राज्य सरकार नगरपरिषदेच्या सदस्याला काढू शकतं. लांच्छनास्पद किती म्हणजे लांच्छनास्पद, हे मग मुंबईत ठरतं, आणि तिथे सत्ता कुणाची यावर बरंच ठरतं. धाराशिव जिल्ह्यातल्या नगरपालिकांच्या प्रकरणात मंत्र्यांनी केलेली अपात्रता सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये रद्द केली, ती याचसाठी. लोकांनी निवडून दिलेल्याला वरच्यांच्या लहरीवर घालवता येत नाही. म्हणजे आपल्याकडे एकच हत्यार आहे, ते कुऱ्हाडीसारखं, आणि ते उचलायचं की नाही हे बऱ्याचदा राजकारण ठरवतं. माझं मत विचाराल तर ताकीद द्या, भर सभेत माफी मागायला लावा, सभेबाहेरच्या वागण्यासाठीही दोन सभा बाहेर बसवा. एवढं जरी कायद्यात आलं तरी निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील.

आणि नगरसेविकांचे यजमान! निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, ही चांगलीच गोष्ट. पण प्रभागातल्या बोर्डावर फोटो वहिनींचा आणि मोबाइल नंबर साहेबांचा. अभियंत्याला झापतात ते साहेब. यांना अपात्र कसं करणार? ते मुळात निवडूनच आलेले नाहीत. एक बाई मात्र आठवतात. पहिल्या सभेला नवरा शेजारची खुर्ची ओढून बसायला लागला, तेव्हा त्यांनीच त्याला सांगितलं, "तुम्ही गॅलरीत बसा." पुढची पाच वर्षं त्यांनी अंदाजपत्रकाचं एकही पान न वाचता हात वर केला नाही.

तर, कुठे करायची? पैसे मागितले असतील तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे, फोन 1064. नगरसेवक हा लोकसेवक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये राजस्थानातल्या एका खटल्यात स्पष्ट केलंय, त्यामुळे "मी काय सरकारी नोकर आहे का" हे चालत नाही. दमदाटी केली तर पोलीस ठाणं. बेकायदा बांधकाम किंवा ठेक्यातला हितसंबंध असेल आणि गाव नगरपरिषदेचं असेल तर जिल्हाधिकारी. तिथे सुनावणी होते, म्हणून नुसता अर्ज नेऊ नका. आधी माहिती अधिकारात ठरावाची आणि सभावृत्तांताची प्रमाणित प्रत काढा. सूचक, म्हणजे ठराव मांडणारा कोण, अनुमोदक, म्हणजे त्याला पाठिंबा देणारा कोण, ते बघा. मग काम मिळालेल्या फर्मचा पत्ता आणि सूचकाच्या घरचा पत्ता शेजारी शेजारी ठेवून वाचा.