एक क्रीसी, अठ्ठावीस नावं: कुठलं पुस्तक उचलायचं, कुठलं तिथंच ठेवायचं

जुन्या पुस्तकांच्या ढिगात अँथनी मॉर्टनचं ‘मीट द बॅरन’ आणि त्याच अँथनी मॉर्टनचं ‘द मॅन इन द ब्लू मास्क’ शेजारी शेजारी दिसली, तर दोन्ही घेऊ नका. पुस्तक एकच आहे. १९३७ साली इंग्लंडमध्ये ते पहिल्या नावाने निघालं आणि अमेरिकेत दुसऱ्या. अँथनी मॉर्टन नावाचा लेखकही नव्हताच. तो इंग्रज रहस्यकथाकार जॉन क्रीसी. गॉर्डन अ‍ॅश, मायकेल हॅलिडे, जेरेमी यॉर्क, नॉर्मन डीन, पीटर मँटन, काइल हंट आणि जे. जे. मॅरिकही तोच.

क्रीसीचा जन्म १९०८ चा, लंडनच्या साउथफील्ड्समधला. गरीब घर, नऊ भावंडांत सातवा. मृत्यू १९७३. पहिली कादंबरी १९३२ साली छापली गेली. त्याआधी संपादक-प्रकाशकांकडून ७४३ वेळा ‘साभार परत’ आलं, हा आकडा त्याच्याविषयी नेहमी सांगितला जातो. १९३५ पर्यंत तो कारकुनी आणि विक्रीची कामं करत लिहीत होता, पुढे फक्त लिहू लागला. एकूण पुस्तकं ६०० हून जास्त आणि टोपणनावं २८. वेगवेगळ्या याद्यांत बेरीज वेगवेगळी निघते, कारण कुणी पोरांसाठीची छोटी पुस्तकं आणि वेस्टर्न, म्हणजे अमेरिकन काउबॉयच्या कथा, धरतं, कुणी धरत नाही. ६०० धरून ४१ वर्षांनी भागलं तर वर्षाला पंधराच्या आसपास पडतात. एकट्या १९३७ मध्ये २९ निघाली, म्हणजे दर बारा-तेरा दिवसांनी एक. मात्र ही सगळी पूर्ण लांबीची नव्हती, त्यात मुलांची आणि काउबॉयची बरीच होती.

इतकी नावं कशाला, याचं उत्तर तेव्हाच्या धंद्यात आहे. तीसच्या दशकात इंग्लंडमध्ये नवी बांधीव कादंबरी साडेसात शिलिंगला मिळे, म्हणजे तेव्हाचे ९० पेन्स. नोकरदार माणूस ती विकत घेत नसे. तो कोपऱ्यावरच्या तंबाखू-वर्तमानपत्राच्या दुकानातल्या वाचनालयातून दोन पेन्स देऊन घरी नेई. पुस्तक पंचेचाळीस वेळा बाहेर गेलं की दुकानदाराची किंमत वसूल. त्याला रोज नवा माल हवा, पण एकाच लेखकाची आठ पुस्तकं एका वर्षात मांडली तर गिऱ्हाईक म्हणणार, हा पाट्या टाकतोय. प्रकाशकालाही एका नावाची वर्षाला दोन-तीनच पुस्तकं पेलतात. त्याहून जास्त काढली की आधीचं खपायच्या आत पुढचं येऊन त्याला खातं. मग लेखकाचा हात सुटलेला असेल तर उपाय एकच: दुसरं नाव, दुसरा प्रकाशक, फळीवर दुसरी जागा. क्रीसीच्या टोपणनावांत लपवाछपवी फारशी नाही, दुकानाची मांडणी आहे. म्हणून लेखक म्हणून ‘क्रीसी वाचायचाय’ असं ठरवून निघालात तर हाती काहीही लागेल. आधी नाव निवडायचं.

आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हाच पेच उलट्या बाजूने सोडवला. अर्नाळकर हेही टोपणनावच, मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. पण हजाराच्या वर पुस्तकं एकाच नावावर, आणि वेगळेपण सांभाळायला नायक: झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू. वाचक वाचनालयात जाऊन ‘नवा झुंजार आलाय का’ असं विचारी, तिथे लेखकाचं नाव बदलायची गरजच नव्हती. क्रीसीनेही नायक उभे केले, पण नायकांसोबत लेखकही उभे केले.

यातली सगळ्यात घोटाळ्याची जागा म्हणजे त्याचं खरं नाव. टोपणनावांना साधारण एकेक नायक वाटून दिलेला आहे: मॉर्टन म्हणजे बॅरन, अ‍ॅश म्हणजे पॅट्रिक डॉलिश, मॅरिक म्हणजे गिडियन. पण ‘जॉन क्रीसी’ या नावाखाली चार मालिका आहेत आणि चारींची चव निराळी. डिपार्टमेंट झेड ही गुप्तहेरांची. टॉफ म्हणजे मेफेअरमधला श्रीमंत रिचर्ड रॉलिसन, जो लंडनच्या गरीब ईस्ट एंडच्या गल्ल्यांत रमतो आणि गुन्हेगारांना आपलं कार्ड पाठवतो. कार्डावर टोपी, एकभिंगी चष्मा, बो टाय आणि सिगारेट, पण चेहरा कोरा. डॉ. पाल्फ्री १९४२ साली युद्धातल्या हेरगिरीपासून सुरू होतो आणि पुढे थेट जग बुडवू पाहणाऱ्यांच्या मागे लागतो. ‘द फ्लड’, ‘द ड्राउट’, ‘द फॅमिन’ ही शीर्षकंच पुरेशी बोलकी आहेत. चौथा इन्स्पेक्टर रॉजर वेस्ट, स्कॉटलंड यार्डचा, सहकाऱ्यांत ‘हँडसम’. टॉफ आवडला म्हणून त्याच लेखकनावाचा पाल्फ्री उचलला, तर वैतागण्याची शक्यता मोठी. मुखपृष्ठावर नायकाचं नाव नसेल तर पहिली चार-पाच पानं चाळा. क्रीसी नायकाला फार वेळ दाराबाहेर उभा ठेवत नाही.

नावं तो घरातूनच उचली. मार्गारेट कुक या नावाने प्रेमकथा लिहिल्या, ते पहिल्या बायकोचं माहेरचं नाव. जे. जे. मॅरिक म्हणजे जॉन, त्याची दुसरी बायको जीन, आणि मार्टिन व रिचर्ड या मुलांच्या नावांचे तुकडे. वेस्टच्या कादंबऱ्यांतल्या दोन मुलांची नावंही मार्टिन आणि रिचर्डच आहेत. वेस्टचं चेल्सीमधलं घर, बायको जॅनेट, पोरांचा गोंधळ हे भाग इतके सहज का उतरलेत, ते यावरून कळतं.

वेस्टर्न मात्र सोडून द्या. टेक्स रायली, केन रेंजर, विल्यम के. रायली या नावांनी त्याने ती लिहिली, तीही तो मुलूख न पाहता. त्यातल्या एकात त्याने कायोटी आकाशात उडवला असा किस्सा आहे. कायोटी हा कोल्ह्यासारखा प्राणी आहे, गिधाडाचा भाऊबंद नव्हे. गंमत म्हणजे क्रीसीची तिसरी बायको जीन विल्यम्स ही अमेरिकन आणि खुद्द वेस्टर्न लिहिणारी.

आता खरेदी करताना नेमकं काय चुकतं ते. पहिली अडचण अमेरिकन शीर्षकांची. बॅरनच्या सुरुवातीच्या पुस्तकांतून अमेरिकेत ‘बॅरन’ काढून ‘ब्लू मास्क’ घातलं गेलं. वेस्टच्या बाबतीत तर शीर्षकातून नायकच हाकलला. ‘ट्रायम्फ फॉर इन्स्पेक्टर वेस्ट’ (१९४८) तिथे ‘द केस अगेन्स्ट पॉल रेबर्न’ झालं, ‘इन्स्पेक्टर वेस्ट क्राइज वुल्फ’ (१९५०) झालं ‘द क्रीपर्स’, ‘अ ब्यूटी फॉर इन्स्पेक्टर वेस्ट’ (१९५४) झालं ‘द ब्यूटी क्वीन किलर’. तेव्हा शीर्षकावर जाऊ नका. कॉपीराइटचं पान उघडा. तिथे पहिल्या प्रकाशनाचं साल आणि बऱ्याचदा मूळ शीर्षक असतं. साल आणि नायक जुळले की संशय घ्या, पहिल्या प्रकरणातली पात्रांची नावं जुळली की खात्री.

दुसरी अडचण लेखकाच्या नावाची, आणि ती अलीकडे वाढली आहे. क्रीसी गेल्यावर टोपणनावांची दुकानदारी संपली, उलट क्रीसी हेच नाव खपू लागलं. त्यामुळे पुढच्या आवृत्त्यांवर अ‍ॅश, मॉर्टन, मॅरिक यांची पुस्तकं ‘जॉन क्रीसी’ म्हणूनच येतात, मूळ नाव बारीक अक्षरात. ‘कनिंग अ‍ॅज अ फॉक्स’ (१९६५) हे डॉ. सेलिनी या मानसोपचारतज्ज्ञाचं पहिलं पुस्तक इंग्लंडमध्ये मायकेल हॅलिडेचं, अमेरिकेत काइल हंटचं, आणि नव्या आवृत्तीत क्रीसीचं. एक पुस्तक, तीन लेखक! ऑनलाइन मागवताना तीन नोंदी दिसतात आणि लोक फसतात. यादी ठेवायची असेल तर लेखकाच्या नावाने ठेवू नका. नायक, मूळ साल, मूळ शीर्षक हे तीन रकाने पुरतात.

तिसरी गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. क्रीसीने स्वतःची बरीच जुनी पुस्तकं, विशेषतः टॉफ आणि डिपार्टमेंट झेडची, पुढे साठच्या दशकात पुन्हा हातात घेऊन सुधारली. कॉपीराइटच्या पानावर ‘रिव्हाइज्ड’ आणि दुसरं साल दिसलं तर तुमच्या हातातलं १९३८ चं पुस्तक १९३८ चं उरलेलं नाही. नुसतं वाचायचं असेल तर सुधारित प्रत घ्यावी, ती निश्चित चांगली चालते. युद्धापूर्वीचं लंडन पाहायचं असेल तर मूळ आवृत्ती शोधावी लागेल.

वाचायला सुरुवात कुठून? बॅरनचं पहिलंच पुस्तक. हरॅप या प्रकाशनाच्या स्पर्धेसाठी ते सहा दिवसांत लिहिलं आणि स्पर्धा जिंकलं, असं सांगितलं जातं. बॅरन म्हणजे जॉन मॅनरिंग, आणि त्यात तो खराखुरा रत्नचोर आहे. पुढे तो जुन्या वस्तूंचं प्रतिष्ठित दुकान चालवणारा सज्जन होतो आणि मालिकेतलं तिखट कमी होतं. दूरचित्रवाणीवर १९६६ मध्ये स्टीव्ह फॉरेस्टचा ‘बॅरन’ आला, तो तर अमेरिकन करून टाकला होता. त्यावरून पुस्तकांचा अंदाज बांधू नका. वेस्टची पन्नासच्या दशकातली पुस्तकं डोळे मिटून घ्यावीत. घाईत लिहिणाऱ्या लेखकाच्या खुणा तिथेही आहेत: संवादांत एकच गोष्ट दोनदा, विशेषणं ठरलेली, शेवट अचानक धावत सुटलेला. पण पाठलागाची बांधणी पक्की असते.

आणि गिडियन. ‘गिडियन्स डे’ १९५५ साली मॅरिकच्या नावाने आलं, तेव्हा क्रीसी दोन दशकं छापला जात होता आणि समीक्षकांनी त्याला ‘रतीब घालणारा’ या खणात टाकून दिलं होतं. नव्या नावाला जुना खण लागू नव्हता. १९६१ च्या ‘गिडियन्स फायर’ला पुढच्या वर्षी अमेरिकन रहस्यलेखक संघटनेचा एडगर पुरस्कार मिळाला, आणि १९६९ मध्ये त्याच संघटनेने क्रीसीला ग्रँड मास्टर केलं.

या पुस्तकांचं यंत्र उघडून पाहण्यासारखं आहे. जॉर्ज गिडियन स्कॉटलंड यार्डचा कमांडर, म्हणजे तो स्वतः क्वचितच ठसे शोधत फिरतो. त्याच्या टेबलावर एकाच वेळी अनेक प्रकरणं येतात आणि कुठे किती माणसं लावायची हे त्याला ठरवायचं असतं. म्हणून मालिकेची सुरुवातीची मापं काळाची आहेत: एक दिवस, एक आठवडा, एक रात्र, एक महिना. पहिल्या पुस्तकाची सुरुवात गुन्ह्याने होत नाही, लाच खाणाऱ्या आपल्याच सार्जंटला गिडियन समोर उभा करतो तिथून होते. मग बाकीचे धागे येतात. क्रीसी एक धागा ताणून धरतो, नेमक्या जागी तोडतो आणि दुसऱ्यावर उडी मारतो. काही प्रकरणं चार पानांत मिटतात, काही निसटतात, एखाद्याचा निकाल फोनवरच्या एका वाक्यात कळतो. घरी बायको केट आहे, आणि त्यांचं एक मूल गेलं त्या रात्री गिडियन कामावर होता ही सल दोघांमध्ये आहे. क्रीसी ती उगाळत नाही, पण विसरूही देत नाही.

इथे वाचकाची चूक होते ती अपेक्षेची. खुनी कोण, हे ओळखायच्या तयारीने गिडियन वाचायला घेतलं तर तिसाव्या पानावर निराशा, कारण गुन्हेगार पुष्कळदा आधीच दाखवलेला असतो. प्रश्न एवढाच, की पोलीस वेळेत पोचतात का. साखळीतली शेवटची पुस्तकं मला कमी वाटतात. ‘गिडियन्स स्पोर्ट’, ‘गिडियन्स आर्ट’ यांत सगळी प्रकरणं एका विषयाच्या खुंटीला टांगलेली आहेत आणि योगायोगांचं ओझं फार होतं. ‘डे’, ‘नाइट’, ‘फायर’ एवढी तीन मिळाली तरी पुष्कळ. जॉन फोर्डचा १९५८ चा चित्रपट, जॅक हॉकिन्स गिडियनच्या भूमिकेत, पुस्तकापेक्षा बराच हलकाफुलका आहे आणि अमेरिकेत तोही ‘गिडियन ऑफ स्कॉटलंड यार्ड’ या वेगळ्या नावाने लागला.

लिहिण्याखेरीज या माणसाने केलेलं एक काम टिकलं: १९५३ साली ब्रिटनच्या क्राइम रायटर्स असोसिएशनची स्थापना. त्याच्या मृत्यूनंतर संस्थेने त्याच्या नावाचा ‘डॅगर’ पुरस्कार सुरू केला, आणि सहाशे पुस्तकं लिहिणाऱ्याच्या नावाचा हा पुरस्कार पहिल्या कादंबरीसाठी दिला जातो.

गिडियन घेताना शेवटची एक तपासणी. क्रीसीने लिहिलेली गिडियनची पुस्तकं २१, त्यातली शेवटची त्याच्या मृत्यूनंतर निघाली, १९७६ पर्यंत. पण मॅरिक थांबला नाही. विल्यम व्हिव्हियन बटलर या लेखकाने १९७८ पासून मालिका पुढे चालवली. तेव्हा पहिल्या प्रकाशनाचं साल १९७८ किंवा पुढचं असेल, तर आत गिडियन आहे, लेखक बटलर आहे. ‘गिडियन्स वे’ हे नाव तर दुहेरी फसवं: साठच्या दशकातली जॉन ग्रेगसनची दूरचित्रवाणी मालिका क्रीसीच्या पुस्तकांवर होती, आणि १९८३ चं त्याच नावाचं पुस्तक बटलरचं आहे.