तुम्ही विचारलंत म्हणून: स्क्रम का सोडलं?

ठाण्यात सोसायटीच्या लिफ्टमध्ये, महाप्याच्या कँटीनमध्ये ताट घेऊन शेजारी बसल्यावर, हल्ली तर मुलाखतीला आलेले उमेदवारही विचारतात, "तुमच्या टीमने स्क्रम सोडून कानबान का घेतलं?" आणि पाठोपाठ, "जमलं नाही वाटतं?" हे दुसरं जास्त झोंबतं. म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते. (दोन्ही सॉफ्टवेअर टीमच्या काम करायच्या पद्धती. स्क्रममध्ये ठरलेल्या मुदतीच्या फेऱ्या; कानबानमध्ये फेऱ्या नाहीत, एका वेळी हातात किती कामं यावर मर्यादा.)

जमत होतं. दोन-दोन आठवड्यांचे स्प्रिंट, म्हणजे कामाच्या फेऱ्या. सकाळी दहाचा स्टँडअप, म्हणजे रोजची उभ्याउभ्या मीटिंग, 15 मिनिटांत संपणारा. मी मोबाईलवर टायमर लावायचे. त्याचा अभिमान होता, थोडा अजून आहे.

मग तो मंगळवार. आमचा एक मुलगा डोंबिवलीहून यायचा. ठाण्याला गाडी बदलून घणसोली, तिथून रिक्षा. रिपोर्ट डाउनलोडच्या कामाची त्याची चिठ्ठी, आमच्या भाषेत कार्ड, पाच दिवस भिंतीवर 'चालू'च्या रकान्यात होती. पिवळ्या चिठ्ठीचा गोंद सुकलेला. एसीच्या वाऱ्याने ती फडफडायची आणि तो रोज अंगठ्याने दाबून बसवायचा. "आज होईल मॅडम." त्या दिवशी मी सगळ्यांसमोर म्हणाले, "हे तू गुरुवारीही म्हणालास. कमिट केलं होतंस ना?" तो काही बोलला नाही. चिठ्ठी पुन्हा दाबली आणि जागेवर जाऊन बसला.

पुढच्या महिन्यात राजीनामा. शेवटच्या दिवशी त्याने हँडओव्हरची वही दिली. त्या पाच दिवसांत त्याने क्लायंटच्या सपोर्टचे 23 कॉल घेतले होते, वेळेसकट लिहिलेले. भिंतीवर त्यातला एकही नव्हता. स्प्रिंटमध्ये नसलेल्या कामाचं कार्ड करायचं नाही, हा नियम होता. नियम माझा.

"मग दोष तुमचा, स्क्रमचा नाही." मान्य. डेली स्क्रम, म्हणजे तोच सकाळचा स्टँडअप, डेव्हलपरांनी आपसांत दिवस ठरवायला असतो, लीडकडे, म्हणजे माझ्याकडे, हजेरी लावायला नाही. स्प्रिंटच्या यादीला 'कमिटमेंट' म्हणणं तर स्क्रम गाईडने, म्हणजे स्क्रमच्या अधिकृत नियमपुस्तिकेने, 2011 मध्येच सोडून 'फोरकास्ट' (अंदाज) म्हटलं. मी सर्टिफिकेटवाली, मला हे पाठ होतं!

वही वाचल्यावर सगळं काम भिंतीवर लावलं, सपोर्टसकट. माणसं सहा, 'चालू'त कार्डं 19, आठवड्याला संपायची साधारण पाच. म्हणजे हातात घेतलेलं काम सरासरी जवळजवळ चार आठवडे लोंबकळणार. लिटलचा नियम म्हणतात तो हाच, साधा भागाकार. दोन आठवड्यांचा स्प्रिंट त्यापुढे काय टिकणार? म्हणून 'चालू'त सहाच कार्डं. सातवं घ्यायचं तर आधी एक संपवा, नाहीतर दुसऱ्याच्या कार्डाला हात लावा.

एवढं सांगून मी मोकळी होते. पुढचं सांगत नाही. कानबानमध्ये आमचा स्प्रिंट संपायचा शुक्रवार गेला. डेमो झाला, वडापाव आले, संपलं एकदाचं, असं आता होत नाही. क्लायंटला "पुढच्या स्प्रिंटला बघू" म्हणायची सोयही गेली. रोज कुणीतरी आपलं कार्ड वर सरकवायला येतं. एक सहकारी तर स्पष्ट म्हणते, स्क्रमच बरं होतं. नवं प्रॉडक्ट असतं तर मीही तेच म्हटलं असतं. शिवाय त्या मुलाला "दिवसभर काय काय करतोस रे?" एवढं विचारायला पद्धत कशाला बदलायला हवी होती?

गेल्या आठवड्यात टीममधल्या एकीचं कार्ड नऊ दिवस हललं नव्हतं. मी जवळ जाऊन विचारलं, "कशात अडकलंय?" आवाज जुनाच लागला असावा. ती मान वर न करता म्हणाली, "आज होईल मॅडम."